जनरल युलिसिस ग्रँट ह्यांचे चरित्र व त्यापासून घ्यावयाचा बोध

वाचकहो, अमेरिकेतील संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष अब्राहाम लिंकन ह्यांचे नाव आपल्या खेड्यापाड्यांतील शाळकरी मुलांसही ठाऊक असते. गुलामांस मुक्त करणारा पुरुष म्हणून ते नाव आपण आदराने घेतो. परंतु लिंकन ह्यांनी आरंभिलेले काम ज्याने रणांगणावर तडीस नेले, आणि पुढे त्यांच्याच आसनावर आठ वर्षे बसून मुक्त झालेल्या लोकांच्या हक्कांचे रक्षण करण्यास जो झटला, त्या पुरुषाचे चरित्र आपणांपैकी फार थोड्यांनी वाचले असेल. तो पुरुष म्हणजे जनरल युलिसिस ग्रँट होय.

आपल्या प्रांताशीही त्यांचा संबंध आला होता. अध्यक्षपदावरून उतरल्यावर ग्रँट जगाच्या प्रवासास निघाले आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबई बंदरात उतरले. मलबार पॉइंट येथील गव्हर्नरांच्या बंगल्यात त्यांची उतरण्याची सोय केली होती. तेथून ते आगगाडीने जबलपुराकडे गेले. म्हणजे घाटकोपर, भांडुप, मुलुंड व ठाणे येथील आपली मंडळी आज ज्या वाटेने रोज कामधंद्यास जाते-येते, त्याच वाटेने हा माजी अध्यक्ष गेला. त्या समयी तेथे भाताची खाचरे, मिठागरे व लहान लहान गावे होती.

परंतु ते आपल्या वाटेने गेले एवढ्याच कारणास्तव त्यांचे चरित्र येथे देतो असे नव्हे. हा मनुष्य स्वतः प्रामाणिक होता, तरी त्याच्या सावलीत बसून इतरांनी चोऱ्या केल्या, आणि त्या चोऱ्यांचे फळ अखेरीस गरीब व दुबळ्या लोकांस भोगावे लागले. ज्याच्या हाती मंडळीची थैली किंवा गावचा कारभार आहे, अशा प्रत्येकाने ह्या गोष्टीचा विचार करावा.

बाळपण व शिक्षण

ग्रँट ह्यांचा जन्म २७ एप्रिल १८२२ रोजी ओहायो संस्थानातील पॉइंट प्लेझंट ह्या लहानशा गावी झाला. आईबापांनी त्यांचे नाव हायरम युलिसिस असे ठेविले होते. बाप जेसी ग्रँट ह्यांचा धंदा कातडी कमावण्याचा होता. आई हॅना ही मितभाषी व देवभीरू बाई होती. घराणे मेथोडिस्ट पंथाचे होते.

आपल्या देशात हा धंदा करणाऱ्यास गावकुसाबाहेर राहावे लागे, गावच्या विहिरीस त्याचा स्पर्श चालत नसे, आणि त्याच्या मुलास शाळेत घेतलेच तर बाहेर बसवीत. हे आपल्या वडीलधाऱ्यांनी सोसलेले आहे, म्हणून अधिक सांगण्याचे कारण नाही. ओहायोत कातडीवाल्याच्या वाट्यास असले काही येत नसे. जेसी ग्रँट ह्यांनी त्याच धंद्यात पैसा मिळविला व गावात मान्यता पावले. तथापि मुलास कुंडांची दुर्गंधी व ओल्या कातड्यांचे रक्त सोसवत नसे. तो शेतात नांगर धरी, गाडी हाकी, आणि कितीही द्वाड घोडा असला तरी त्यास मारझोड न करिता वश करी.

१८३९ साली बापाने खटपट करून त्यास वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयात धाडिले. शिफारस करणाऱ्या प्रतिनिधीने कागदावर चुकून युलिसिस एस. ग्रँट असे नाव लिहिले, आणि तेच जन्मभर चालले. १८४३ साली परीक्षा झाली तेव्हा ३९ विद्यार्थ्यांत त्यांचा क्रम २१ वा होता. म्हणजे विद्येत त्यांनी विशेष चमक दाखविली असे नव्हे. पुढे १८४६ ते १८४८ पर्यंत मेक्सिकोशी जे युद्ध झाले त्यात ते शौर्याने लढले. परंतु ते युद्ध बलवानाने दुर्बलावर केलेला अन्याय होता, असे मत त्यांनी आपल्या आत्मचरित्रात उघडपणे नमूद केले आहे.

१८४८ साली त्यांचा विवाह ज्युलिया डेंट हिच्याशी झाला. हे दांपत्य अखेरपर्यंत एकमेकांस एकनिष्ठ राहिले. परंतु सासऱ्याच्या घरी गुलाम होते, आणि ग्रँट ह्यांचे वडील तर गुलामगिरीचे कट्टे वैरी. त्यामुळे वरपक्षाचे आईबाप लग्नास गेले नाहीत.

पडता काळ

१८५२ साली त्यांची बदली दूर पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावर झाली. पगार तुटपुंजा असल्यामुळे बायकामुलांस बरोबर नेता आले नाही. एकटेपणाने मन खचले आणि ते मद्याकडे वळले, अशी बोलवा लष्करात पसरली. ती अगदीच निराधार नव्हती. १८५४ साली त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. वय ३२ वर्षांचे, हाती पैसा नाही, आणि नावास बट्टा लागलेला, अशा स्थितीत ते घरी परतले.

मिसूरी संस्थानात सेंट लुई शहराजवळ सासऱ्यांनी दिलेल्या जमिनीत त्यांनी शेती आरंभिली. राहण्यास घर नव्हते, म्हणून लाकडाचे ओंडके तोडून स्वतःच्या हातांनी घर उभारिले. शेतीत भागेना, तेव्हा जळाऊ लाकूड गाडीत भरून शहराच्या रस्त्यांवर विकले. १८५७ च्या नाताळच्या दिवसांत त्यांनी आपले सोन्याचे घड्याळ गहाण ठेविले. पूर्वीच्या सोबत्यांपैकी कोणी रस्त्यात भेटले तर लाकडाच्या गाडीवर बसलेला हा मनुष्य त्यांस ओळखूही येत नसे.

ह्याच काळातील एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. विल्यम जोन्स नावाचा एक गुलाम सासऱ्यांकडून ग्रँट ह्यांच्या मालकीचा झाला होता. त्यास बाजारात विकले असते तर शेकडो डॉलर हाती येऊन पुष्कळ दिवसांची ददात मिटली असती. परंतु मार्च १८५९ मध्ये ग्रँट न्यायालयात गेले आणि कागद करून त्यांनी त्यास मोबदला न घेता मुक्त केले. पत्नीच्या माहेरचे गुलाम त्यांच्या घरी राबत होते हेही खरे आहे, आणि तो डाग झाकून चालणार नाही. तथापि स्वतः कंगाल असताना दुसऱ्याची बेडी तोडणे ही लहान गोष्ट नव्हे.

शेवटी १८६० साली ३८ वर्षांच्या ह्या गृहस्थास बापाच्याच कातड्याच्या दुकानात, इलिनॉय संस्थानातील गलीना गावी, धाकट्या भावांच्या हाताखाली काम करावे लागले. ज्या धंद्याचा लहानपणी वीट आला होता त्यातच तो परत आला. त्या दिवशी त्याजकडे पाहून हा मनुष्य आठ वर्षांनी राष्ट्राचा अध्यक्ष निवडला जाईल, असे कोणाच्याही मनात आले नसते.

यादवी युद्ध व मुंबईचा कापूस

१८६१ साली गुलाम बाळगणारी दक्षिणेकडील संस्थाने राष्ट्रातून फुटून निघाली व यादवी युद्ध पेटले. शिकलेल्या सेनाधिकाऱ्यांची वाण पडली, तेव्हा ग्रँट ह्यांस एका पलटणीचे कर्नल नेमिले. पुढील वर्षी फेब्रुवारीत त्यांनी डोनल्सनचा किल्ला सर केला आणि उत्तरेस पहिला मोठा जय मिळाला. ४ जुलै १८६३ रोजी मिसिसिपी नदीवरील व्हिक्सबर्गचे ठाणे त्यांच्या हाती आले आणि शत्रूच्या मुलखाचे दोन तुकडे झाले. मार्च १८६४ मध्ये लिंकन ह्यांनी त्यांस सर्व सैन्याचे मुख्य सेनापती केले.

ह्या युद्धाची झळ मुंबईपर्यंत कशी पोचली हे आपल्या लोकांस ठाऊक असावे. इंग्लंडातील गिरण्यांस लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिण संस्थानांत गुलामांच्या श्रमाने पिकत असे. लिंकन ह्यांच्या आरमाराने तेथील बंदरे अडविली, तेव्हा इंग्लंडचे व्यापारी हिंदुस्थानकडे वळले. गुजराथ, खानदेश व वऱ्हाडातील कापसास कधी नव्हे असा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. रोज नव्या कंपन्या निघू लागल्या, समुद्र हटवून जमीन काढण्याच्या योजनांचे शेअर भरमसाट किमतींस विकले गेले, आणि कारकुनापासून शेटजीपर्यंत सारे ह्या जुगारात पडले. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती ली ह्यांनी ग्रँट ह्यांस शरण येऊन शस्त्रे खाली ठेविली. युद्ध संपल्याची बातमी मुंबईस येताच कापसाचा भाव कोसळला, पेढ्या बुडाल्या, आणि कालचे लक्षाधीश दिवाळखोर झाले. एका देशातील गुलामांची सुटका व दुसऱ्या देशातील लोभी माणसांचा नाश, ह्या दोन्ही गोष्टी एकाच वार्तेने घडून आल्या.

ली शरण आले तेव्हा ग्रँट ह्यांनी सूड घेतला नाही. शत्रूच्या शिपायांस कैदेत न टाकिता त्यांनी घरी जाऊ दिले. ज्यांच्याजवळ स्वतःचे घोडे व खेचरे होती त्यांस ती शेताच्या नांगरटीसाठी नेऊ दिली, आणि उपाशी फौजेस अन्न पुरविले. आपल्या छावणीत जयघोष चालला होता तोही त्यांनी बंद करविला, कारण शरण आलेले लोक आता आपलेच देशबांधव आहेत, असे ते मानीत.

ह्याच युद्धातील त्यांचे एक दुष्कृत्यही सांगितले पाहिजे. डिसेंबर १८६२ मध्ये काही व्यापाऱ्यांच्या काळ्या बाजारावर संतापून त्यांनी आपल्या ताब्यातील मुलखातून सर्व यहूदी लोकांस हाकलून देण्याचा हुकूम काढिला. काहींच्या दोषासाठी संपूर्ण जातीस शिक्षा, हा अन्याय आपल्या लोकांस नवा नाही. लिंकन ह्यांनी तो हुकूम ताबडतोब रद्द करविला. ग्रँट ह्यांस त्याची जन्मभर लाज वाटली. पुढे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी यहूदी लोकांस मोठ्या जागांवर नेमिले, आणि १८७६ साली वॉशिंग्टन शहरातील त्यांच्या सभास्थानाच्या प्रतिष्ठेस ते जातीने हजर राहिले.

अध्यक्षपद

लिंकन ह्यांचा खून झाल्यावर अँड्रू जॉन्सन अध्यक्ष झाले. मुक्त झालेल्या लोकांस नागरिकांचे हक्क मिळावेत हे त्यांस रुचत नव्हते. १८६८ सालच्या निवडणुकीत ग्रँट निवडून आले, आणि ४ मार्च १८६९ रोजी ४६ वर्षांच्या वयात त्यांनी पदाची शपथ घेतली. त्यांस मते देणाऱ्यांत काही वर्षांपूर्वी बाजारात विकले जाणारे लाखो कृष्णवर्णीय पुरुष होते. युद्धात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय शिपाई उत्तरेच्या बाजूने लढले होते. त्यांचे ऋण ग्रँट कधी विसरले नाहीत.

१८७० साली राज्यघटनेची पंधरावी दुरुस्ती मंजूर झाली. वर्ण किंवा पूर्वीचे दास्य ह्या कारणास्तव कोणाचाही मताचा हक्क हिरावता येणार नाही, असे तिने ठरविले. त्याच वर्षी मिसिसिपी संस्थानातून हायरम रेव्हल्स हे पहिले कृष्णवर्णीय सभासद सेनेटात जाऊन बसले. ते ख्रिस्ती उपदेशक होते. सात वर्षांपूर्वी जेथे त्यांच्या बांधवांच्या पायांत बेड्या होत्या, त्या संस्थानाचे ते प्रतिनिधी झाले.

परंतु कायदा कागदावर झाला म्हणजे गावात पोचला असे होत नाही. दक्षिणेत कू क्लक्स क्लॅन नावाची गुप्त टोळी उठली. तिचे लोक तोंडावर बुरखे घेऊन रात्री घोड्यांवर निघत, कृष्णवर्णीयांची घरे, शाळा व प्रार्थनामंदिरे जाळीत, मत देणाऱ्यांस फटके मारीत आणि पुष्कळांचे जीव घेत. गावचे पंच व न्यायाधीश त्यांस सामील किंवा भयभीत, मग दाद लागावी कोठे? ग्रँट ह्यांनी १८७१ साली काँग्रेसकडून कडक कायदा करवून घेतला. त्यांचे मुख्य सरकारी वकील एमस एकरमन ह्यांनी शेकडो गुन्हेगारांवर खटले भरिले. दक्षिण कॅरोलिना संस्थानातील नऊ परगण्यांत फौज पाठवून धरपकड केली. १८७२ पर्यंत त्या टोळीचा कणा मोडला, आणि त्या वर्षीची निवडणूक मागील निवडणुकीपेक्षा पुष्कळ शांततेने पार पडली. ग्रँट दुसऱ्यांदा निवडून आले.

ह्या कार्याची कीर्ती महाराष्ट्रात पोचली होती. ग्रँट अध्यक्ष असतानाच, १८७३ साली, पुण्याचे जोतीराव फुले ह्यांनी गुलामगिरी हे पुस्तक छापिले आणि गुलामांस मुक्त करणाऱ्या संयुक्त संस्थानांतील सज्जन लोकांस ते अर्पण केले. मिशनच्या शाळेत शिकलेल्या फुल्यांस अमेरिकेतील गुलाम आणि आपल्याकडील शूद्रातिशूद्र ह्यांच्या दुःखात साम्य दिसले.

आणखी दोन कामे सांगण्याजोगी आहेत. युद्धकाळात इंग्लंडात बांधलेल्या गलबतांनी अमेरिकेचे नुकसान केले होते. त्याविषयी पुष्कळ लोक युद्धाची भाषा बोलत असता ग्रँट ह्यांनी हा तंटा पंचांपुढे नेला. १८७२ साली जिनीव्हा येथे निवाडा होऊन इंग्लंडाने १ कोटी ५५ लाख डॉलर भरपाई दिली, आणि रक्ताचा थेंब न सांडता भांडण मिटले. दुसरे काम त्या देशाच्या मूळ रहिवाशांविषयी. त्यांस लुबाडणाऱ्या नोकरांस काढून ग्रँट ह्यांनी पुष्कळ ठाण्यांचा कारभार क्वेकर व इतर ख्रिस्ती मंडळांकडे सोपविला, आणि ह्या खात्यावर त्यांच्यांपैकीच सेनेका जातीचे इली पार्कर ह्यांस नेमिले. परंतु ब्लॅक हिल्स डोंगरांत सोने सापडताच गोऱ्यांची झुंबड उडाली, सरकारने दिलेले वचन मोडले, आणि १८७६ साली सू लोकांशी युद्ध झाले. त्या वचनभंगाची जबाबदारी ग्रँट ह्यांच्यावरही येते.

एलीचा दोष

आता दुःखाची बाजू सांगतो. ग्रँट ह्यांचा एक स्वभावदोष होता. ज्यास एकदा मित्र म्हटले त्याचे वाईट ते ऐकूनच घेत नसत. मित्रावरील आरोप म्हणजे शत्रूचा हल्ला, असे मानून ते त्याच्या पाठीशी उभे राहत.

१८६९ साली दोन सट्टेबाजांनी त्यांच्या बहिणीच्या पतीस हाताशी धरून सोन्याचा बाजार बळकावण्याचा डाव मांडिला. ग्रँट ह्यांनी सरकारी सोने विकावयास काढून तो मोडला, परंतु तोवर पुष्कळांची धूळधाण झाली होती. १८७५ साली असे उघडकीस आले की, दारूच्या भट्ट्यांचे मालक व सरकारी अंमलदार मिळून कराचे लाखो डॉलर गिळीत होते. त्यात ग्रँट ह्यांचे खासगी चिटणीस बॅबकॉक ह्यांच्यावर खटला झाला. ग्रँट ह्यांनी स्वतः त्यांच्या बाजूने साक्ष दिली, आणि ते सुटले. लोकांचे समाधान मात्र झाले नाही. १८७६ साली युद्धमंत्री बेलनॅप ह्यांनी एका लष्करी ठाण्यावरील दुकानाच्या मक्त्यातून पैसे खाल्ल्याचे बाहेर आले, आणि त्यांनी घाईघाईने राजीनामा दिला.

ह्या सर्व घोटाळ्यांत ग्रँट ह्यांनी एक पैही घेतली नाही. परंतु पवित्र शास्त्रातील एली याजकही स्वतः लाचखाऊ नव्हता. त्याचे पुत्र हफनी व फिनहास अर्पणांवर हात मारीत होते, आणि त्याने त्यांस आवरिले नाही, एवढाच त्याचा अपराध. शिक्षा मात्र सगळ्या इस्राएलास झाली व कराराचा कोश शत्रूच्या हाती गेला. तसेच येथे झाले. १८७३ पासून व्यापार बसला होता. त्यात ह्या घोटाळ्यांची भर पडून लोकांचा सरकारावरील विश्वास उडाला, आणि १८७४ च्या निवडणुकीत ग्रँट ह्यांचा पक्ष हरला. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांसाठी फौज धाडण्याचे नाव काढिले तरी उत्तरेचे लोक कंटाळून तोंड फिरवू लागले. १८७५ साली मिसिसिपीत मतदारांवर उघड जुलूम चालला असता तेथील गव्हर्नरांनी मदत मागितली, आणि ज्या ग्रँट ह्यांनी चार वर्षांपूर्वी फौज धाडिली होती त्यांनी ह्या वेळी वेळेवर धाडिली नाही. १८७७ साली ते पायउतार झाले आणि नव्या अध्यक्षांनी संरक्षण काढून घेतले. पुढे दक्षिण संस्थानांनी नाना युक्त्यांनी कृष्णवर्णीयांचा मताचा हक्क हिरावला. तो पुरतेपणी परत मिळण्यास १९६५ सालचा कायदा व्हावा लागला. त्या दुःखास कारणे पुष्कळ होती, आणि पहारेकऱ्याचे स्वतःच्या घराकडे दुर्लक्ष हे त्यांपैकी एक होते.

प्रवास व दिवाळे

१८७७ च्या मे महिन्यात ग्रँट पत्नीसह प्रवासास निघाले. युरोप व मिसर देश पाहून ते मुंबईस आले. तेथून जबलपूर, आग्रा, दिल्ली, लखनौ, बनारस व कलकत्ता अशी त्यांची यात्रा झाली. पुढे ब्रह्मदेश, सयाम, चीन व जपान पाहून ते १८७९ च्या सप्टेंबरात स्वदेशी पोचले. १८८० साली मित्रांनी त्यांस तिसऱ्यांदा अध्यक्षपदासाठी उभे करण्याची खटपट केली, पण पक्षाने दुसऱ्यास निवडिले.

आता उपजीविकेचा प्रश्न आला. त्या काळी माजी अध्यक्षास पेन्शन नसे. ग्रँट ह्यांच्या मुलाने फर्डिनंड वॉर्ड नावाच्या तरुणाबरोबर न्यूयॉर्क येथे पेढी काढिली होती. ग्रँट ह्यांनी आपला सर्व पैसा तीत घातला व नावही दिले. हा वॉर्ड कोणाचा पुत्र होता? ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले, त्याच बोर्डाने तामिळ मुलखात धाडिलेल्या एका मिशनरी साहेबांचा तो मुलगा. धर्मनिष्ठ घराण्याचे नाव असल्यामुळे त्याजविषयी संशय कोण घेणार? तो नव्या ठेवीदारांच्या पैशातून जुन्यांस मोठा नफा देई, एकच तारण अनेक ठिकाणी गहाण टाकी, आणि ग्रँट त्याच्या कागदांवर न वाचता सही करीत.

मे १८८४ मध्ये पेढी बुडाली. दोन दिवस आधी वॉर्डच्या सांगण्यावरून ग्रँट ह्यांनी व्हँडरबिल्ट नामक धनिकाकडून १,५०,००० डॉलर उसने आणिले होते, तेही गेले. ६२ वर्षांच्या ह्या माजी अध्यक्षाच्या घरात थोडेसे डॉलर काय ते उरले. व्हँडरबिल्ट कर्ज सोडावयास तयार होते, परंतु ग्रँट ह्यांनी ते मानिले नाही. आपली मालमत्ता, युद्धातील तरवारी आणि देशोदेशीच्या राजांनी दिलेल्या भेटवस्तू, सर्व काही त्यांनी धनकोच्या स्वाधीन केले. वॉर्ड तुरुंगात गेला.

शेवटचा श्रम

त्याच वर्षी त्यांच्या घशात दुखू लागले, आणि तो कर्करोग असल्याचे शरद ऋतूत कळून आले. आपल्यामागे पत्नी भिकेस लागू नये म्हणून त्यांनी युद्धाच्या आठवणी लिहावयास घेतल्या. प्रसिद्ध ग्रंथकार मार्क ट्वेन ह्यांनी पुस्तक छापण्याचे पत्करिले. गिळताना असह्य वेदना, पुढे पुढे आवाजही बंद, अशा स्थितीत ग्रँट कागदावर लिहीत राहिले. एप्रिल १८८५ मध्ये ते अत्यवस्थ असता न्यूमन नावाच्या मेथोडिस्ट पाळकांनी त्यांस बाप्तिस्मा दिला. ग्रँट आपल्या विश्वासाविषयी फार थोडे बोलत. म्हणून जे अंतःकरण परमेश्वर पाहतो, त्याविषयी आपण अधिक विधान करू नये हे बरे.

जुलै महिन्यात ग्रंथ पुरा झाला आणि त्यानंतर काही दिवसांनीच, २३ जुलै १८८५ रोजी, त्यांनी देह ठेविला. त्या ग्रंथाच्या विक्रीपासून त्यांच्या विधवेस सुमारे ४,५०,००० डॉलर मिळाले. न्यूयॉर्क शहरी त्यांची प्रेतयात्रा निघाली तेव्हा तिरडीचा मान घेणाऱ्यांत उत्तरेचे सेनापती होते, तसेच ज्यांस त्यांनी रणात हरविले ते दक्षिणेचे सेनापतीही होते.

मृत्यूनंतर पुष्कळ वर्षे दक्षिणेचा कैवार घेणाऱ्या इतिहासकारांनी त्यांस मद्यपी, कसाई व नालायक अध्यक्ष म्हणून रंगविले. परंतु कृष्णवर्णीयांस मताचा हक्क परत मिळाल्यावर विद्वानांनी जुने कागद पुन्हा तपासले, आणि त्या काळी दुबळ्यांच्या संरक्षणासाठी एवढे झटलेला अध्यक्ष दुसरा झाला नाही, असे अनेकांचे मत पडले.

बोध

प्रिय उपदेशकहो व पंचहो, आपणांपैकी कोणी राष्ट्राचा अध्यक्ष होणार नाही. परंतु मंडळीची दानपेटी, शाळेची फी, विधवांचा निधी, सहकारी सोसायटीची वही, ह्यांपैकी काहीतरी आपणांपैकी पुष्कळांच्या हाती आहे. मी स्वतः पैशास शिवत नाही, एवढे म्हणून आपली सुटका होत नाही. वही कोण लिहितो, पेटी कोण मोजतो, सहीपूर्वी कागद कोण वाचतो, हे आपणच पाहिले पाहिजे. मोशेचा सासरा इथ्रो ह्याने त्यास नुसते विश्वासू नव्हे, तर लाभाचा तिटकारा करणारे पुरुष निवडण्यास सांगितले. पेटी दोघांनी मिळून मोजावी आणि हिशेब दरमहा मंडळीपुढे वाचावा. त्यात कोणाचा अपमान नाही. ज्याचा हिशेब मागितला जातो तो मोहापासून वाचतो. मिशनरीचा मुलगा, पाळकाचा भाचा, जुना स्नेही, असे म्हणून कोणास ह्यातून सूट देऊ नये.

दुसरा बोध आपल्या सर्व लोकांसाठी आहे. २६ जानेवारी १९५० पासून आपल्या देशाच्या राज्यघटनेने अस्पृश्यता बंद केली व प्रत्येक प्रौढ मनुष्यास मत दिले. अमेरिकेतील मुक्त लोकांस १८७० साली असाच हक्क मिळाला होता, आणि रक्षण करणारे थकले तेव्हा तो गेला. मिळालेला हक्क वापरावा, मुलांस त्याचा अर्थ शिकवावा, आणि शेजाऱ्यावर अन्याय होत असता आपण सुखात आहो म्हणून गप्प बसू नये.

कातडी कमावणाऱ्याच्या त्या पुत्रास देवाने केरातून उचलून सरदारांच्या पंक्तीस बसविले. पडला तरी तो उठला, ठकला तरी त्याने ऋण फेडिले, आणि मरणाच्या दारीही हातचे काम सोडिले नाही. त्याचे हे गुण आपण घ्यावेत, आणि त्याच्या दोषापासून सावध राहण्याची बुद्धी प्रभू आपल्या मंडळ्यांस देवो.